न्यूझीलंडमध्ये ताहराची शिकार: पुण्यात बसून तयारी कशी करावी?

सहकारनगरचा_पांथस्थ

सर्वांना नमस्कार. गेली पंधरा वर्षे मी सह्याद्रीत भटकतो आहे. कात्रज ते सिंहगड ही रात्रीची वाट, राजगड-तोरणा आणि हरिश्चंद्रगडाची नळीची वाट या माझ्या नेहमीच्या जागा आहेत. वय ४६, नोकरी चाकणला, आणि वजन असायला हवे त्यापेक्षा सात किलो जास्त, हेही आधीच सांगून टाकतो.

माझा मेहुणा क्राइस्टचर्चला स्थायिक आहे. त्याच्याकडे तिथला शस्त्रपरवाना आहे आणि दर हिवाळ्यात तो डोंगरात शिकारीला जातो. येत्या जूनमध्ये त्याने मला दोन आठवड्यांसाठी बोलावले असून त्यातले सहा दिवस माउंट कुकच्या पूर्वेकडच्या खोऱ्यांत नर ताहराच्या (ताहर म्हणजे रानबोकडासारखा, मूळचा हिमालयातला डोंगरी प्राणी) शिकारीसाठी राखून ठेवले आहेत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय मिटला, आणि तो मिटलेलाच बरा असे माझेही मत आहे; मात्र त्यामुळे डोंगरातल्या मोठ्या शिकारीची आखणी कशी करतात हे सांगणारा माणूस पुण्यात मला भेटलेला नाही. मेहुण्याला विचारले तर त्याचे एकच उत्तर असते, "दाजी, तुम्ही पाय तयार करून या, बाकीचे मी बघतो."

मला तसे परस्वाधीन जायचे नाही. सहा दिवस पुरतील का, ते कसे वाटावेत, कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टू टू (.२२) रायफल चालवल्यापलीकडे बंदुकीचा अनुभव नसलेल्या माणसाने सराव कुठे आणि कसला करावा, आणि शिकार साधलीच तर शिंगे घरी आणून दिवाणखान्यात लावता येतील का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

दक्षिणेचा_वारा

मी मूळचा नारायण पेठेतला, आता अकरा वर्षे ड्युनेडिनमध्ये आहे. ताहरामागे सात हिवाळे गेलो आणि त्यातल्या तीन हिवाळ्यांत रिकाम्या हाताने परतलो, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

पहिली गोष्ट दिशेची, कारण आपल्याकडून आलेला प्रत्येक भटका इथे हमखास चुकतो. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो. म्हणून हिवाळ्यात उत्तरेकडे तोंड असलेले उतार उबदार असतात, त्यांच्यावरचे बर्फ लवकर वितळते, गवत उघडे पडते आणि ताहर तिथेच चरताना दिसतो. दक्षिणेकडचे उतार दिवसभर सावलीत राहून काचेसारखे गोठलेले असतात. हिमालयाच्या अनुभवावर बेतलेला अंदाज इथे नेमका उलटा पडतो. होकायंत्राचेही तसेच आहे. पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ नाही, तर या डोंगरांत सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे २४ अंश पूर्वेला कलते. शिवाय उत्तर गोलार्धासाठी तोललेली सुई इथे एका बाजूने खाली झुकून तबकडीला घासते. पुण्यातले होकायंत्र पुण्यातच ठेवावे आणि इथले घ्यावे.

आता आखणी. ती शेवटाकडून सुरू करावी. नकाशावर पहिले बोट ताहर दिसण्याची शक्यता असलेल्या जागेवर ठेवू नये, तर बार लागल्यावर तो जिथे जाऊन पडेल त्या जागेवर ठेवावे, आणि तिथून तंबूपर्यंत पंचवीस-तीस किलोचे ओझे घेऊन उजेड असेतो उतरता येईल का, एवढा एकच प्रश्न विचारावा. येत नसेल, तर तिथला ताहर कितीही देखणा असो, तो आपला नव्हे. या प्राण्याला कड्याकपारी प्रिय असतात. गोळी वर्मी लागूनही तो दोन पावले टाकतो आणि त्या दोन पावलांत कड्यावरून दोनशे मीटर खाली जातो. मग शिंगे मोडतात, मांसाचा लगदा होतो आणि बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत पोहोचताही येत नाही. माझ्या दुसऱ्या वर्षी मी नेमके हेच केले होते. त्या नराचा आवाज घळीतून अजून ऐकू येतो असे म्हटले तर ते नाटकी वाटेल, पण त्यानंतर मी तसा बार कधीही काढलेला नाही.

जूनमध्ये दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो. त्यामुळे दुपारी दोननंतर वरच्या उतारांवर बार काढायचा नाही, हा नियम मी स्वतःपुरता करून घेतला आहे. रात्री दिव्याच्या झोतात शिकार करण्यास तर सार्वजनिक संवर्धन जमिनीवर बंदीच आहे.

सहा दिवसांपैकी खरे शिकारीचे दिवस तीन समजावेत. पहिला दिवस चालत आत जाण्यात आणि तंबू ठोकण्यात जाईल, आणि निदान दोन दिवस हवामान घेईल. वायव्येचा वारा सुटला की डोंगररांगेच्या मुख्य धारेच्या पश्चिमेला धो धो कोसळते आणि पूर्वेकडच्या खोऱ्यांच्या माथ्यांपर्यंत ते पाणी येते. कँटरबरीच्या मैदानात ऊन पडलेले असते, आणि तुम्ही सकाळी गुडघाभर पाण्यातून ओलांडलेली नदी संध्याकाळी कमरेच्या वर गेलेली असते. म्हणून आत नेण्याची शिदोरी सहा दिवसांची नको, आठ दिवसांची न्यावी. नदी उतरेपर्यंत पलीकडच्या काठावर निमूटपणे बसून राहण्याची तयारी ही या शिकारीतली सर्वांत अवघड तयारी आहे, आणि परतीचे विमान दुसऱ्या दिवशी असले की शहाणी माणसेही तिथे घसरतात. विमान आणि डोंगर यांच्यामध्ये चार दिवस मोकळे ठेवा.

परवान्याबाबत थोडक्यात सांगतो. संवर्धन खात्याचा शिकार परवाना विनामूल्य मिळतो आणि सार्वजनिक जमिनीवर ताहराला बंद हंगाम नाही. परदेशी पाहुण्याला तात्पुरता शस्त्रपरवाना मिळू शकतो, मात्र अर्ज प्रवासाच्या बराच आधी करावा. तो नसल्यास परवानाधारक मेहुण्याच्या थेट देखरेखीखाली तुम्हाला रायफल वापरता येते. थेट देखरेख याचा अर्थ तो हाताच्या अंतरावर हवा आणि त्या वेळी त्याने स्वतःची रायफल चालवता कामा नये. भावाभावांच्या उत्साहात हे विसरले जाते.

बावधनची_गच्ची

विषयांतर करायचे नाही, पण एक शंका आहे. हाच ताहर हिमाचल, उत्तराखंड आणि सिक्कीममध्ये आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. तिकडे जाऊन त्यालाच मारण्याची हौस कशासाठी?

दक्षिणेचा_वारा

शंका रास्त आहे आणि उत्तर डोंगराच्या इतिहासात आहे. वटवाघळे सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवर एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. ताहर इथे १९०४ मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्डच्या कळपातून भेट म्हणून आला आणि माउंट कुकपाशी सोडला गेला. १९०७ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने शॅमॉय नावाचा डोंगरी प्राणी पाठवला. हे सारे साहेबांना शिकारीची मौज मिळावी म्हणून झाले. हिमालयात ताहरामागे हिमबिबट्या असतो, इथे कुणीच नाही. चरणाऱ्या खुरांची सवयच नसलेल्या इथल्या उंच गवताचा आणि डोंगरी वनस्पतींचा त्याने फडशा पाडला. १९९३ च्या नियंत्रण आराखड्यात संख्येची मर्यादा १०,००० ठरवली गेली, आणि २०१९ च्या सुमाराचा अंदाज मात्र ३४,००० च्या पुढे गेला होता. राष्ट्रीय उद्यानांत तर तो शून्यावर आणण्याचे सरकारी धोरण आहे आणि त्यासाठी हेलिकॉप्टरमधून गोळ्या घातल्या जातात. त्या मृतदेहांपैकी बरेचसे तिथेच कुजतात. निदान मी मारलेला तरी आमच्या शीतकपाटात जातो. तरीही एखाद्याला हे रुचले नाही, तर मी वाद घालणार नाही.

नियोजनाच्या दृष्टीने यातून निघणारा मुद्दा असा, की कळपांची संख्या किती वाढते हे माद्यांवर अवलंबून असते. नर मिळाला नाही तर एखादी मादी मारून मांस आणावे. मेहुणा हसणार नाही, उलट खूश होईल.

दस्त_आणि_दाखला

शिंगांच्या प्रश्नाचे उत्तर देतो. ती मेहुण्याच्या भिंतीवर लावावीत.

प्रजातीचे नाव आपल्या अनुसूची १ मध्ये असल्याने पुण्यातल्या घरात तिचे डोके किंवा शिंगे आढळली, तर कायद्याच्या कलम ५७ नुसार तो ताबा बेकायदा असल्याचे गृहीत धरले जाते आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी ताबा असणाऱ्यावर येते. वन्य प्राण्यांचे अवयव आयात करण्यावर कडक निर्बंध आहेत ते वेगळेच. विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याला न्यूझीलंडमधल्या ताहरांचा इतिहास समजावून सांगण्याची वेळ कुणावर येऊ नये. छायाचित्र काढावे, मोठे करून चौकटीत लावावे. त्याला परवाना लागत नाही.

पन्नास_मीटर

मी बालेवाडीला रायफल नेमबाजी करतो, शिकार कधी केलेली नाही. त्यामुळे फक्त नेमाबद्दल लिहितो.

स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तिन्ही स्थितींत नेम धरावा लागतो. डोंगरात उभ्याने बार काढण्याचा विचार मनातून काढून टाका, पण पहिल्या दोन स्थिती जशाच्या तशा उपयोगी पडतील. जवळच्या एखाद्या क्लबात नाव घालून सहा महिने आठवड्यातून दोनदा जावे. रेंजवर १० आणि ५० मीटरच मिळतील आणि तिकडे बार दोनशे-अडीचशे मीटरवरून निघेल, पण चाप ओढण्याची सवय अंतरावर अवलंबून नसते. चाप झटक्याने ओढणारा माणूस दहा मीटरवर आठ मिलिमीटरने चुकतो, तोच अडीचशे मीटरवर वीस सेंटिमीटरने चुकेल. ताहराच्या छातीतला उपयोगी भाग जेमतेम तेवढाच असतो.

एक सराव मी स्वतः करून पाहिला आहे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या तीनदा चढून-उतरून नाडी दीडशेच्या पुढे न्यावी, मग बसून घड्याळात पाहावे की श्वास पुरेसा शांत होऊन हात स्थिर व्हायला किती वेळ लागतो. मला पहिल्या महिन्यात जवळजवळ चार मिनिटे लागत होती, आता दीड लागते. तो आकडा माहीत असला की डोंगरावर शेवटचा चढ किती आधी थांबवून दम घ्यायचा हे ठरवता येते.

दुसरा मुद्दा उताराचा आहे आणि तो बहुतेकांना उलटा वाटतो. वरच्या दिशेने असो वा खालच्या, तिरप्या नेमात गोळी नेहमीपेक्षा वर लागते, कारण गुरुत्वाकर्षणाचा हिशेब आडव्या अंतराचा असतो. लक्ष्य ३० अंशांच्या उतारावर ३०० मीटरवर असेल, तर आडवे अंतर सुमारे २६० मीटर भरते आणि नेम २६० चाच धरावा लागतो. ३०० चा धरला, तर गोळी पाठीवरून जाते किंवा त्याहून वाईट म्हणजे कण्याच्या वरच्या भागाला चाटून जाते आणि जनावर जायबंदी होऊन कड्यात शिरते. कोन मोजणारी अंतरमापक दुर्बीण मेहुण्याकडे आहे का, ते आजच विचारून घ्यावे. इथून रायफल नेण्याच्या भानगडीत पडू नये. त्याच्याच रायफलीवर, त्याच्याच काडतुसांनी, पोहोचल्यावर एक पूर्ण दिवस सपाट रेंजवर घालवावा. त्यात गोळ्या २०० मीटरवर ताटलीएवढ्या वर्तुळात सलग पडल्या नाहीत, तर आपली मर्यादा १५० मीटर ठरवून तेवढे जवळ जावे.

सहकारनगरचा_पांथस्थ

सर्वांचे मनापासून आभार. शिंगांचा विषय संपला, पत्नीने तर सुटकेचा निःश्वास टाकला.

काल नकाशा उघडून शेवटाकडून आखणी करून पाहिली. मेहुण्याने सुचवलेल्या तीन जागांपैकी दोन तिथेच बाद झाल्या, कारण दोन्हींच्या खाली कडे आहेत. तिसरी जागा म्हणजे एक रुंद सोंड आहे, तिच्या उत्तर अंगाला गवताचा उतार आणि खाली घसाऱ्याची नाळ (सुट्या दगडमातीची घळ) थेट नदीपर्यंत येते. मेहुण्याला फोन करून बाद झालेल्या जागा सांगितल्या तर तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "दाजी, त्यांतल्या एकीवर मी मागच्या वर्षी एक ताहर गमावला होता. तुम्हाला सांगितले नव्हते."

आता पायांचा प्रश्न उरतो. दर रविवारी आतकरवाडीतून १५ किलोची सॅक घेऊन सिंहगड चढतो आहे. सॅकेत पाण्याच्या बाटल्या असतात. गुडघ्यांना त्रास नको म्हणून पाणी वर ओतून देतो आणि हलका होऊन उतरतो. हे पुरेसे आहे का?

घसारा_आणि_नाळ

पाणी ओतू नका. तुमच्या मोहिमेत ओझे उतरताना वाढणार आहे आणि तुम्ही सराव नेमका उलटा करत आहात. हिमालयातल्या चढाईसाठी तुमची पद्धत योग्य आहे, कारण तिथे आपण वर सामान पोहोचवून हलके परततो. शिकारीत मात्र सकाळी रायफल, दुर्बीण आणि डबा घेऊन निघायचे असते आणि परतताना त्यात मांस, डोके व ओले कातडे यांची भर पडते. पूर्ण वाढलेला नर सत्तर-ऐंशी किलोंचा असतो, म्हणजे हाडे काढूनही दोघांत मिळून बरेच ओझे होते. म्हणून ८ किलोवर सिंहगड चढा आणि वरून २० किलो घेऊन उतरा. वर दगडांना तोटा नाही. फक्त ते तटबंदीचे नसावेत, एवढी विनंती. पहिले दोन महिने १२ किलोंपासून सुरुवात करून दर दोन आठवड्यांनी दोन किलो वाढवावे, आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागले तर आठवडाभर थांबावे. सात किलो जास्त आहेत म्हणालात, ते कमी झाले तर तेवढेच ओझे फुकटात हलके होईल.

श्रावणात ओल्या गवताचे तिरपे उतार मुद्दाम शोधा. न्यूझीलंडच्या डोंगरातले उंच गवत ओले झाले की आपल्या पावसाळी कुरणांसारखेच निसरडे होते, आणि तिथे घसरलेला माणूस खाली थांबत नाही. नळीच्या वाटेवर कातळ असतो, तो पकडता येतो. गवताचा उतार फसवा असतो, कारण तो सोपा दिसतो. उताराला तोंड करून, टाच रोवून, काठी वरच्या हाताला धरून आडवे जाण्याची सवय पायात मुरली पाहिजे.

सह्याद्री तुम्हाला बर्फ मात्र शिकवू शकत नाही, आणि इथे मला तुमच्या मेहुण्याच्या "बाकीचे मी बघतो" या वाक्याची काळजी वाटते. जूनमध्ये त्या उंचीवर क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे पोलादी दाते) आणि बर्फकुऱ्हाड लागणारच. घसरल्यावर कुऱ्हाड बर्फात रोवून स्वतःला थांबवणे हे वाचून येत नाही. ते शंभर वेळा, डोके खाली आणि पाठीवर पडूनही, करावे लागते. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा मूलभूत अभ्यासक्रम यासाठी उत्तम, पण तो चार आठवड्यांचा असतो आणि तुमची चाकणची रजा तेवढी नसावी. तसे असल्यास न्यूझीलंडमध्ये पोहोचल्यावर दोन दिवसांचे हिमकौशल्याचे प्रशिक्षण पैसे मोजून घ्यावे आणि ते शिकारीच्या सहा दिवसांत धरू नये. हिमस्खलनाचा त्या भागाचा अंदाज रोज सकाळी पाहावा. अंदाज वाईट असेल, तर उत्तर उताराच्या खालच्या पट्ट्यातच राहावे, मग वर नर कितीही आयाळ फुगवून उभा असला तरी.

दक्षिणेचा_वारा

वरच्या प्रत्येक वाक्याशी सहमत आहे. नदीबद्दल थोडे राहिले होते. दोघांनी ओलांडताना एकमेकांच्या सॅकेचे पट्टे धरून, शरीराने मजबूत असलेल्याने प्रवाहाच्या वरच्या बाजूला राहून, प्रवाहाला किंचित तिरके जावे. सॅकेचा कमरपट्टा बांधलेला असावा की सुटा, यावर इथे दोन मते आहेत, तेव्हा मेहुण्याबरोबर उथळ पाण्यात एकदा करून पाहून एकच पद्धत ठरवावी. ज्या जागी पाणी एका रुंद पात्रात अनेक धारांत विभागलेले असते तिथे उतरावे, अरुंद जागी नको. पाणी गढूळ असेल किंवा तळाशी दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, तर ओलांडण्याचा विषय संपला. आत फोन चालत नाही, म्हणून उपग्रहाला संकटसंदेश पाठवणारा बीकन भाड्याने घ्यावा आणि तो सॅकेत न ठेवता अंगावर ठेवावा, कारण वाहून जाते ती सॅक.

निघण्याआधीचे एक काम पुण्यातच करायचे आहे. बुटांच्या तळव्यांतली सिंहगडाची लाल माती दाताच्या ब्रशने खरवडून काढा, तंबू धुऊन कडकडीत वाळवा आणि विमानतळावरच्या घोषणापत्रात बूट, तंबू आणि खाण्याचा प्रत्येक पदार्थ लिहा. इथली जैवसुरक्षा तपासणी कडक आहे आणि न सांगता आणलेल्या वस्तूला जागच्या जागी ४०० डॉलरचा दंड होतो. बहिणीने भावासाठी दिलेली थालीपिठाची भाजणीही लिहा. सांगितली, तर ती पाहून अनेकदा सोडतात. लपवली, तर भाजणीही जाते आणि पैसेही.

आणि तंबूबाहेर बूट ठेवू नका. इथे कीआ नावाचा डोंगरी पोपट असतो, तो बुटांची शिवण चोचीने उसवतो. माझ्या चौथ्या हिवाळ्यातली शिकार त्यामुळे पहिल्याच सकाळी संपली होती.